'शुगर-फ्री'च्या पाकिटात पीठ असतं, ते कुणीच मोजत नाही

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील परभणीला, वय ६१, शुगर निघून आठ वर्षं झाली. तुम्ही नोकरीला पुण्यात, आणि तिथून दर महिन्याला ऑनलाईन डायबेटिक आटा, शुगर-फ्री बिस्किटं, खजूर-अंजीर बर्फी, आणि ती मधुमेहींसाठीची दुधात टाकायची पावडर असं अडीच-तीन हजाराचं सामान घरी पाठवता. साखरेचा डबा आईनं कधीच फळीवर चढवून ठेवलाय, तरी तीन महिन्याची सरासरी शुगर (HbA1c) ७.६ वरून ८.४ वर गेली. मग हे पदार्थ खरंच चांगले असतात का नुसती लूट?

मी लातूरात बावीस वर्षं आहाराचं काम करते आणि हा प्रश्न आठवड्यातून चारदा तरी येतो. सरसकट लूट म्हणणार नाही, त्यात एक-दोन गोष्टी कामाच्या आहेत, त्यावर खाली बोलते. पण तुमच्या घरी जे झालंय ते मला न बघता कळलं, कारण सगळीकडं तेच होतंय.

एक रिटायर्ड एसटी कंडक्टर यायचे माझ्याकडं, माणूस एकदम शिस्तीचा, गोळी वेळेवर, चालणं वेळेवर. एक दिवस कापडी पिशवीच घेऊन आले आणि टेबलावर उलटी केली, पाच-सहा पाकिटं. म्हणाले, "मॅडम, साखर तर कवाच सोडली, बिस्किटबी शुगरफ्रीच खायलोव, मग ही शुगर कशानं वाढायली?" मी बिस्किटाचा पुडा उचलला. पुढं हिरवं पान काढलेलं, हसरं म्हातारं जोडपं, मधुमेहींसाठी वगैरे. मागची बाजू वाचायला त्यांनाच सांगितलं, चष्मा काढून, पुसून, परत घालून वाचायला लागले. पहिलं नाव मैदा. दुसरं पाम तेल. तिसरं माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालायचा एक गोडवा. खाली चौकट, शंभर ग्रॅममागं साखर ०.३ ग्रॅम. ते खूष, बोट ठेवून मला दाखवायलेत, हे बघा साखर नाहीच. मी म्हणलं त्याच्या वरची ओळ वाचा. कार्बोहायड्रेट ६६ ग्रॅम, आणि त्याखाली फॅट २२ ग्रॅम.

आता इथं सगळी गोम आहे. आपल्या डोक्यात बसलंय की शुगर म्हणजे साखरेचा आजार. रक्तातली शुगर म्हणजे ग्लुकोज, आणि ग्लुकोज जसं साखरेतून येतं तसंच मैद्यातून, तांदळातून, साबुदाण्यातून, बटाट्यातून येतं, पिठूळ पदार्थ म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या, त्या तुटायला तोंडातल्या लाळेपासूनच सुरुवात होते. पाकिटावर साखर या शब्दाचा अर्थ फार छोटा आहे, त्यात स्टार्च, म्हणजे हे पिठूळ, येत नाही. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमात शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर शुगर-फ्री लिहिता येतं. म्हणजे उद्या मी मैद्याच्या साध्या पिशवीची साखर मोजत बसले तर ती पण जवळपास त्या लाईनीला जाऊन टेकेल, आणि मैदा खाऊन शुगर किती वाढते ते कुणाला सांगायची गरज नाही. कंपनी खोटं बोलत नाही, ती खरंच बोलते, फक्त आपल्याला ज्याची गरज नाही ते खरं मोठ्या अक्षरात आणि ज्याची आहे ते मागं मुंगीएवढ्या अक्षरात.

त्यातही माल्टोडेक्स्ट्रिन म्हणून एक प्रकार आहे तो नक्की बघा, तुमच्या त्या दुधातल्या पावडरीवर पण शोधा. हे स्टार्चपासूनच बनवतात, चवीला फारसं गोड लागत नाही, पाकिटावर साखरेच्या ओळीत सहसा येत नाही, पण रक्तात चढायला साध्या साखरेपेक्षाही चपळ. मधुमेहींसाठीच्या सगळ्याच पावडरी वाईट असं नाही, आजारी माणूस जेवतच नसेल, ऑपरेशन झालेलं असेल, वजन घटत चाललं असेल तर आम्हीच लिहून देतो, पण ती जेवणाच्या जागी किंवा डॉक्टरनी सांगितलंय म्हणून. धडधाकट माणूस दोन भाकरी खाऊन रात्री वरून ग्लासभर पित असेल तर ते एक जेवण जास्तीचं झालं, बाकी काही नाही.

आणि हे 'वरून' खाणं हीच माझी खरी तक्रार आहे. कंडक्टर साहेब आधी सकाळच्या चहाला दोन मारी खायचे, भीत भीत. शुगर-फ्री पुडा घरात आल्यावर सकाळी चार, दुपारी चारला चार, आणि रात्री झोप नाही आली तर डब्यात हात. का? तर ते आपल्यासाठीच बनवलेलं आहे ना. डायबेटिक हा शब्द पाकिटावर आला की माणसाला खायची परवानगी मिळते. मी इतक्या वर्षांत एकही पेशंट पाहिला नाही जो शुगर-फ्री बर्फीचे पण साध्या बर्फीइतकेच तुकडे खातो. सून पण आग्रह करते, घ्या की मामंजी तुमच्यासाठीच आणलंय. साध्या पेढ्याला तीच सून हात धरते.

मी त्यांना उपदेश केला नाही, एक काम दिलं. ग्लुकोमीटर घरात होतंच. तीन दिवस सकाळी चार शुगर-फ्री बिस्किटं आणि बिनसाखरेचा चहा, आधी बोट टोचायचं आणि दोन तासांनी परत. पुढचे तीन दिवस वजनाला तेवढीच साधी मारी, चहा तोच. त्यापुढचे तीन दिवस मूठभर फुटाणे. वहीच घेऊन आले, एसटीच्या ट्रिपशीटसारखे रकाने आखलेले. शुगर-फ्रीला १२८ ची १८७ झालेली, साध्या मारीला १३१ ची १९०, फुटाण्याला १२६ ची १४८, बाकीचे दिवस पण थोड्या फरकाने तसेच. मीटर पंधरा टक्के इकडंतिकडं दाखवू शकतं म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, तीनदा करा असं मी मुद्दाम सांगते. कंडक्टर साहेबांच्या मीटरला मात्र दोन बिस्किटांतला फरक काही सापडला नाही, खिशाला सापडला, शुगर-फ्रीचा पुडा अडीचपट महाग. हा एका माणसाचा आकडा आहे, तुमच्या वडिलांचा वेगळा येईल, म्हणूनच म्हणते त्यांचा काढा.

आता आटा. डायबेटिक आट्यात बहुतेक वेळा सत्तर-ऐंशी टक्के गहूच असतो, त्यात थोडं सोयाबीन, हरभरा, जव, मेथी, कधी इसबगोल. वाईट नाही, साध्या पोळीपेक्षा चढ थोडी हळू होऊ शकते. पण हे मिश्रण परभणीच्या कोणत्याही गिरणीत निम्म्यापेक्षा कमी पैशात होतं, पाच किलो गहू किंवा ज्वारीत किलोभर हरभरा, मूठभर मेथी, जाडसर दळायचं आणि कोंडा चाळून फेकायचा नाही. आई चाळतच असतील, विचारून बघा, सगळ्याच चाळतात.

ज्वारीवरून आठवलं, हे आपल्या मराठवाड्याचं खास दुखणं. शुगर निघाली की गावातला प्रत्येक जण सांगतो गहू बंद कर, ज्वारी खा, ज्वारीनं शुगर वाढत नाही. ज्वारी माझी पण आवडती, मालदांडीच्या भाकरीला तोड नाही, पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते काढून बघा, ज्वारी असो का गव्हाचं पीठ, शंभर ग्रॅममागं कार्बोहायड्रेट ६५-७० ग्रॅमच्या आसपासच, तंतूही दोन्हीकडं दहा-अकरा. मी क्लिनिकमध्ये भाजीवाल्याकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा ठेवलाय. औसा तालुक्यातल्या एका बाईंना म्हणलं घरी भाकरीला घेता तेवढंच पीठ डब्यात घालून आणा, एका भाकरीचं. आणलं, ओतलं, ९५ ग्रॅम. मला वाटलं चुकून जास्त आणलं, तर त्या म्हणाल्या, "छे ओ, मालकाला तर ह्याच्याहून मोठा उंडा लागतोय." म्हणजे एका भाकरीत साठ-पासष्ट ग्रॅम कार्बोहायड्रेट, मालक अशा तीन खायचे, कारण ज्वारीच आहे. पुस्तकात जी एक भाकरी म्हणून छापतात ती पन्नास-साठ ग्रॅम पिठाची असते, पुण्या-मुंबईच्या पुस्तकातली भाकरी आपल्याकडं लहान लेकराला देतात. त्या मालकांची भाकरी तीनची दीड केली, ताटात वरण घट्ट केलं आणि एक वाटी मटकी वाढवली, गोळी तीच ठेवून चार महिन्यांत फरक पडला. ज्वारी काही बदलली नव्हती.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून तर दुकानात ज्वारी कुकीज, नाचणी चिप्स, बाजरी नूडल्स यांचा पूर आलाय. एकदा मागं वळवून ज्वारी किती टक्के आहे ते वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियमच आहे, म्हणून पहिली तीन नावं वाचली की पाकीट कळतं, पहिला मैदा आणि चौथी ज्वारी असेल तर ते मैद्याचं बिस्किट आहे, ज्वारीचं नाही.

खजूर-अंजीर बर्फीबद्दल थोडं कडक बोलते कारण ती सगळ्यात फसवी. नो ॲडेड शुगर लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, वरून साखर टाकलेलीच नसते. पण वाळलेल्या खजुराच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग साखरच आहे, फळाची असली म्हणून रक्ताला काही वेगळं कळत नाही. वर काजू-बदाम-तूप, म्हणजे कॅलरी साध्या बर्फीच्या बरोबरीनं. एखादा तुकडा खाल्ला तर आभाळ कोसळत नाही, पण रोज दोन आणि ते पण औषधासारखं समजून, हे नको. हेच गुळाचं आणि मधाचं. आपल्याकडं ऊस दारात, गुऱ्हाळ ओळखीचं, त्यामुळं "सेंद्रिय गूळ चालतोय की" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. गुळात लोह वगैरे थोडंफार असतं ते कबूल, पण बहुतांश ती ऊसाचीच साखर. शुगरला गूळ आणि साखर सख्खे भाऊ.

दिवाळीची एक गंमत सांगते. शुगर-फ्री मिठाईत आणि साखर नसलेल्या च्यवनप्राशमध्ये माल्टिटॉल, सॉर्बिटॉल अशी पॉलीऑल घालतात, साखरेला जो वजन-जाडपणा असतो तो भरून काढायला. ती पूर्ण बिनकॅलरीची नसतात, साखरेच्या साधारण निम्म्या कॅलरी, आणि माल्टिटॉल शुगरही थोडी वाढवतं. न पचलेला भाग खाली मोठ्या आतड्यात जातो आणि पाणी ओढून घेतो, म्हणून जास्त खाल्लं तर पोट सुटतं, पाकिटावर तशी सूचना बारीक अक्षरात असते. भाऊबीजेला एका भावानं बहिणीकडं शुगर-फ्री काजूकतलीचा अर्धा डबा संपवला, बहिणीनं कौतुकानं आणली होती, आणि परतीच्या बसमध्ये अंबाजोगाईच्या अलीकडंच बस थांबवायची वेळ आली. त्यांनी मला फोन करून विचारलं मिठाई शिळी होती का. शिळी नव्हती ओ.

कामाची गोष्ट कोणती तर साखरेऐवजी चहात टाकायच्या गोडव्याच्या गोळ्या. आपल्या भागात दिवसाला सहा कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर हे काही जगावेगळं नाही, म्हणजे बारा चमचे, पाच ग्रॅमचा चमचा धरला तर ६० ग्रॅम साखर, २४० कॅलरी, निव्वळ चहात. ज्याला चहाचा गोडवा सुटतच नाही त्यानं गोळी टाकली तर हे साठ ग्रॅम खरंच वाचतात, इथं फायदा आहे. भीतीबद्दल पण लोक विचारतात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वजन कमी करायला असे गोडवे वापरू नका म्हणलं, ते व्हॉट्सॲपवर फिरलं, पण ती शिफारस ज्यांना आधीच डायबिटीस आहे त्यांना लागू नाही हे त्यात स्पष्ट होतं, ते कुणी फॉरवर्ड केलं नाही. त्याच वर्षी ॲस्पार्टेमला, हा असाच एक गोडवा, कॅन्सरची शक्यता असलेल्या यादीत टाकलं पण रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागं ४० मिलीग्रॅम आहे तीच ठेवली, दोन-चार गोळ्यांनी त्याच्या जवळपासही कुणी जात नाही. माझं मत विचाराल तर गोळी ही कुबडी, हळूहळू गोड कमी करत जा, सहा कपाचे तीन करा. पण कुबडी टाकून पडण्यापेक्षा कुबडी बरी.

बाहेर हा वाद कधीच मिटलाय. जर्मनीत डायबेटिकांसाठी म्हणून वेगळी चॉकलेटं, बिस्किटं, जॅम वर्षानुवर्षं विकायची, बऱ्याचदा साखरेऐवजी फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर, घालून. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं की मधुमेह्यांना असल्या वेगळ्या पदार्थांची गरजच नाही, २०१० मध्ये नियम बदलला, दोन वर्षांची मुदत दिली आणि २०१२ ला ते प्रकरण बंद. ब्रिटनमध्ये तर पदार्थावर डायबेटिक लिहिणंच बेकायदा आहे. आपल्याकडं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी डायबिटीसवाले आणि १३.६ कोटी त्याच्या उंबऱ्यावर उभे असा हिशोब निघाला, एवढं गिऱ्हाईक समोर असताना हा शब्द पाकिटावरून कोण सहजासहजी काढेल.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. वडील कोणत्या गोळ्या घेतात ते बघा, ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्शुलिन असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी, माणूस बडबडायला लागतो. तेव्हा घरात सगळंच शुगर-फ्री असेल तर काय देणार? निलंग्याकडच्या एका घरात हेच झालं, उसाला पाणी द्यायला गेलेला माणूस घामाघूम होऊन आला, बायकोनं घाबरून शुगर-फ्री सरबत आणि बिस्किटं दिली, पंधरा मिनिटांनी मीटर ५८. शेजारणीनं पाण्यात साखर कालवून पाजली तेव्हा माणूस भानावर आला. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, नाही वाढली तर परत तेवढंच. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. म्हणून आईला सांगा, साखरेचा डबा फळीवरून खाली काढा, हाताला येईल असा ठेवा. खिशात दोन साध्या गोळ्या-चॉकलेटी पण राहू द्या, साखरेच्या, शुगर-फ्री नाही.

कारल्या-जांभळाच्या पावडरी अजून आणलेल्या नसतील तर आणू नका. डायबिटीस बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी भिंती रंगलेल्या दिसतात. काही देशी पावडरींत अॅलोपॅथीच्या शुगरच्याच गोळ्या कुटून मिसळलेल्या सापडल्यात, मग गुण येणारच, आणि वरून आपली नेहमीची गोळी चालू असली तर माणूस खाली पण जाणार.

तुमच्या वडिलांसाठी मी काय करीन ते सांगते. ८.४ चा सगळा दोष बिस्किटावर टाकू नका, आठ वर्षांत गोळी कमी पडायला लागते, दातात-पायात इन्फेक्शन असतं, झोप नसते, हे डॉक्टरकडून आधी बघून घ्या. पुढच्या महिन्यात ते तीन हजाराचं पार्सल पाठवू नका, त्यातल्या हजारभरात ग्लुकोमीटरच्या पन्नास पट्ट्यांचा डबा येतो तो पाठवा. दोन आठवडे वही करायला लावा, काय खाल्लं, किती खाल्लं, आधी किती, दोन तासांनी किती. आई भाकरीला किती पीठ घेतात ते एकदा काट्यावर टाका. ताटात भाकरी कमी झाली की पोट भरायला दुसरं काहीतरी लागणार, तिथं घट्ट वरण, मटकी, हरभरा, अंडं चालत असेल तर अंडं, आणि आपल्या रानातल्या भाज्या, तरवट, घोळ, पाथरी, अंबाडी, बिनपैशाच्या आहेत, लोकांना आता त्यांची लाज वाटायलीय. शेंगदाण्याची चटणी चमचाभर, वाटीभर नाही. ताक घ्या. किडनीचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर डाळ-अंड्याचं प्रमाण विचारूनच ठरवायचं, आणि भाकरी एकदम निम्मी करायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, कारण गोळी तेवढीच राहिली तर शुगर फारच खाली जाऊ शकते. जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीत चकरा, चप्पल घालून, अनवाणी नाही.

भगर-साबुदाण्याचं विचारलं नाही तुम्ही, पण एकादशी-चतुर्थी धरत असतील तर वहीत त्या दिवसाला खूण करायला सांगा, मला त्या दिवसाचा आकडा बघायचाय.

घरात आहे ते सामान फेकायची गरज नाही. आटा संपवा, पण मोजून. बिस्किटं चहाला दोन, परवानगी नाही, हिशोबात धरून. बर्फीचा डबा शेजारी देऊन टाका, फक्त देताना शुगर-फ्री आहे असं सांगू नका, त्यांच्याही घरी कुणीतरी शुगरवालं असणारच आणि ते निम्मा डबा संपवतील.